आर्चटॉप गिटार आणि जाड तारांचा हट्ट

जॅझ गिटार शिकू लागलेल्या मुलाला अगदी सुरुवातीलाच एक नियम ऐकवला जातो. आर्चटॉप घेतलीस ना, मग तिच्यावर बाराचा सेट लाव. बोटांत ताकद असेल तर तेराचा. दहा-अकराच्या तारा रॉक वाजवणाऱ्यांसाठी. बारीक तारेतून जॅझचा भरीव आवाज निघत नाही, आणि जाड तार दाबताना बोटं दुखत असतील तर दोष तारेचा नाही, बोटांचा. शिक्षक हे सांगतात, दुकानदार सांगतात, चार-पाच वर्षं वाजवलेले मित्र तर ठासून सांगतात.

हा नियम चुकीचा आहे. एकेकाळी एका ठरावीक कामासाठी तो बरोबर होता; आज बहुतेक आर्चटॉप ते काम करत नाहीत. तरी परंपरेच्या नावानं तो चालू राहतो आणि त्यापायी चांगले हात वाद्यापासून दूर जातात. म्हणूनच त्याचं खंडन नीट, सविस्तर व्हायला हवं. त्यासाठी वाद्याचा इतिहास, तारेच्या ताणाचं गणित आणि या नियमाच्या बाजूनं ज्यांची नावं घेतली जातात त्या वादकांचीच उदाहरणं पुरेशी आहेत.

आधी वाद्याची रचना. साध्या अकूस्टिक गिटारचा टॉप, म्हणजे वरची फळी, सपाट असते आणि ब्रिज तिला चिकटवलेला असतो. तारा तिथेच अडकतात आणि फळीला ओढतात. आर्चटॉपचा टॉप व्हायोलिनसारखा मध्यभागी उंचावलेला असतो. तिचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानंच जागेवर उभा राहतो. तारा ब्रिजवरून पलीकडे जाऊन खाली झुकतात आणि गिटारच्या बुडाशी बसवलेल्या टेलपीसमध्ये अडकतात. त्यामुळे इथे तारा टॉपला ओढत नाहीत, दाबतात. हा एक फरक डोळ्यांसमोर ठेवला की तारांच्या जाडीबद्दलचे निम्मे गैरसमज आपोआप उघडे पडतात.

अमेरिकेत मिशिगनमधल्या कलामझू गावात ऑर्व्हिल गिब्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरीव टॉपची मँडोलिन आणि गिटार बनवायला सुरुवात केली. 1902 मध्ये त्यांच्या नावाची कंपनी निघाली. त्याच कंपनीत लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली 1922 मध्ये एल-5 तयार झाली. व्हायोलिनला असतात तशी एफ-आकाराची छिद्रं गिटारला पहिल्यांदा मिळाली ती या वाद्यात. पुढच्या दशकात आर्चटॉप रुंद होत गेली. एल-5 सोळा इंचांची होती. 1934 ची सुपर 400 अठरा इंचांची झाली. बॉस्टनच्या स्ट्रॉमबर्ग बापलेकांनी मास्टर 400 एकोणीस इंचांपर्यंत नेली. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या केनमेअर स्ट्रीटवर जॉन डॅन्जेलिको आपल्या छोट्या कारखान्यात एकेक गिटार हातानं कोरत होते.

ही सगळी धडपड आवाजासाठी चालली होती. नृत्यगृहांतल्या बँडमध्ये तालाची बाजू आधी बँजो सांभाळत असे. विसाच्या दशकाच्या अखेरीस ती जागा गिटारनं घेतली, आणि तिला ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनच्या रांगांसमोर मायक्रोफोनशिवाय ऐकू यायचं होतं. मोठी काया, जाड कोरीव टॉप, जाड ब्राँझच्या तारा, फ्रेटपासून बऱ्याच उंच ठेवलेल्या तारा आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं कणखर झालेला उजवा हात, हे सगळं त्या एका गरजेतून आलं.

या घराण्याचे सर्वांत मोठे वादक फ्रेडी ग्रीन. ते 1937 मध्ये काउंट बेसी यांच्या ऑर्केस्ट्रात आले आणि 1987 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. पन्नास वर्षं त्यांनी मात्रेमात्रेला एक याप्रमाणे चार ठोके दिले, तेही ॲम्प्लिफायरशिवाय. त्यांच्या तारा जाड होत्या आणि फ्रेटपासूनची त्यांची उंची आजच्या वादकाला हात लावू न देण्याइतकी होती. पण ग्रीन वाजवत काय होते, हे जाड तारांचे पुरस्कर्ते सांगत नाहीत. ते एकल वादनाच्या वाटेला जवळजवळ गेलेच नाहीत. त्यांच्या अनेक कॉर्डमध्ये प्रत्यक्षात एक किंवा दोनच स्वर स्पष्ट वाजत. बाकीच्या तारा बोटांनी दाबून मुक्या ठेवलेल्या असत. बेसीच्या पितळी वाद्यांतून एक-दोन स्वर सोळा माणसांपर्यंत पोचवायचे, हे ते काम. ज्याला हेच काम करायचं आहे त्यानं खुशाल तेराचा सेट लावावा. घरी, वर्गात किंवा छोट्या क्लबात ॲम्प्लिफायर लावून एकेक स्वराची आलापी करणाऱ्यानं तो का लावावा, याचं उत्तर ग्रीन यांच्या उदाहरणात मिळत नाही.

1936 मध्ये गिब्सननं ईएस-150 बाजारात आणली. तिच्या टॉपवर एक चुंबकी पिकअप होता. चार्ली ख्रिश्चन 1939 मध्ये ती गिटार घेऊन बेनी गुडमन यांच्या बँडमध्ये आले आणि गिटार सॅक्सोफोनसारखी एकल वाक्यं बोलू लागली. ख्रिश्चन 1942 मध्ये क्षयानं गेले, जेमतेम पंचविशीत. पण तोवर बदल होऊन गेला होता. आता आवाज मोठा करण्याची जबाबदारी लाकडावर आणि मनगटावर राहिली नव्हती. 1949 मध्ये आलेल्या ईएस-175 ला तर गिब्सननं कोरीव टॉपही दिला नाही. तिचा टॉप पातळ थर चिकटवून, साच्यात दाबून केलेला आहे. आज जगात जॅझसाठी विकल्या जाणाऱ्या आर्चटॉपपैकी फार मोठा हिस्सा याच जातीचा, थरांच्या टॉपचा आणि पिकअप बसवलेला आहे. अशा टॉपकडून अकूस्टिक आवाजाची अपेक्षा त्याच्या निर्मात्यांनीच केली नव्हती. मग त्याला हलवण्यासाठी जाड तार हवी, हे म्हणणं टिकतं कुठे?

इथे गणित मांडायला हवं, कारण या वादात आकड्यांऐवजी विशेषणांनीच फार काम भागवलं जातं.

तारेचा 'नंबर' म्हणजे तिचा व्यास, इंचाच्या सहस्रांशांत. बारा म्हणजे 0.012 इंच, साधारण 0.30 मिलीमीटर. सेट ओळखला जातो तो पहिल्या, सर्वांत बारीक तारेवरून. आता एकाच सुरात, एकाच लांबीवर ताण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साडेपंचवीस इंचांच्या स्केलवर पहिली तार सुरात मिळवली की दहा नंबरच्या तारेवर सुमारे 7.3 किलो ताण येतो, अकरावर 8.9, बारावर 10.6, तेरावर 12.4 आणि चौदावर 14.4. म्हणजे बारावरून तेरावर जाताना जाडी केसाच्या अंशानं वाढते, पण ताण सतरा टक्क्यांनी वाढतो. दहावरून तेरावर गेलं तर तो जवळजवळ सत्तर टक्क्यांनी चढतो. 'एकच नंबर तर वाढवायचा आहे' असं सहज सांगणाऱ्यानं हा आकडा लक्षात ठेवावा.

स्केलची लांबीही वर्गानंच बोलते. ईएस-175 ची स्केल पावणेपंचवीस इंच आहे, एल-5 च्या पिकअपवाल्या आवृत्तीची, एल-5 सीईएसची, साडेपंचवीस. तीच बाराची तार ईएस-175 वर सहा टक्के सैल लागते. एकाला 'बारा मऊ वाटतात' आणि दुसऱ्याला 'बारा कडक वाटतात', तेव्हा पुष्कळदा दोघंही खरं बोलत असतात. त्यांच्या गिटारच वेगळ्या असतात. स्केल न विचारता नंबर सुचवणारा सल्लागार अंधारात बोट दाखवतो आहे.

आता टॉपवरच्या दाबाकडे येऊ. बारा-त्रेपन्नच्या ब्राँझ सेटचा एकूण ताण सुमारे 73-74 किलो असतो, तेरा-छप्पन्नचा सुमारे 84. पण हा सगळा ताण टॉपवर येत नाही. टॉपवर किती येतो ते ब्रिजवरून तार खाली किती अंशांनी वळते यावर ठरतं. हा कोन बारा अंशांचा असेल तर ताणाचा साधारण पाचवा भाग खाली उतरतो: बाराच्या सेटला पंधरा किलोच्या आसपास, तेराच्या सेटला साडेसतरा. हाच कोन बाराऐवजी चौदा अंश केला, तर बाराचाच सेट टॉपवर जवळजवळ अठरा किलो दाब देतो. टेलपीस दोन अंशांनी खाली नेला की टॉपला संपूर्ण एक नंबर चढवल्याइतका भार मिळतो, आणि डाव्या हाताला एक ग्रॅमही जास्त जोर लावावा लागत नाही. टॉप 'जागा' करण्यासाठी जाड तारांचा आग्रह धरणाऱ्यांनी कोनाचा विचार आधी करायला हवा. काही टेलपीसना त्यासाठीच स्क्रू दिलेला असतो. नसेल तर चांगला कारागीर नेकचा किंवा टेलपीसचा कोन पाहून सांगू शकतो.

राहता राहिला सर्वांत लाडका दावा: जाड तार मोठी वाजते. हा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो इतका टिकला. तार तेवढ्याच अंतरापर्यंत खेचून सोडली, तर जाड तार ब्रिजला जास्त जोरानं हलवते हे खरंच आहे. पण तेवढ्या अंतरापर्यंत खेचायला बोटाला किंवा पिकला तितकाच जास्त जोर लावावा लागतो. अकराऐवजी तेरा असेल तर चाळीस टक्के जास्त. हात तोच राहिला, जोर तोच राहिला, तर जाड तार कमी खेचली जाते आणि ब्रिजवर पोचणारा धक्का जवळपास तेवढाच राहतो. जाड तारेचा खरा फायदा तिच्या वरच्या मर्यादेत आहे. कितीही जोरात छेडली तरी ती फ्रेटवर आपटून खडखडत नाही. फ्रेडी ग्रीन यांच्यासारख्या उजव्या हाताला ती मर्यादा लागत होती. मध्यम जोरानं, मनगट सैल ठेवून वाजवणारा वादक त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. तो फक्त डाव्या हाताचं ओझं वाढवून घेतो.

या हिशोबाला सर्वांत बोलका पुरावा फ्रान्समध्ये आहे. जँगो राइनहार्ट यांची सेल्मर गिटार रूढ अर्थानं कोरीव आर्चटॉप नाही, पण तिचाही ब्रिज सुटा आहे, तारा तशाच टेलपीसमध्ये अडकतात आणि टॉपला तसाच दाबतात. नंतरच्या, लहान लंबगोल छिद्राच्या सेल्मरची स्केल 670 मिलीमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंचांहून बरीच लांब. तिच्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या हलक्या तारा लागतात आणि जिप्सी जॅझ वाजवणारे बहुसंख्य वादक आजही दहा किंवा अकराचाच सेट वापरतात. लांब स्केलमुळे अकराच्या तारेचा ताण साडेनऊ किलोपर्यंत जातो, बाराच्या खालीच राहतो. तरीही या गिटार ॲम्प्लिफायरशिवाय व्हायोलिनच्या बरोबरीनं कडाडतात, कारण त्यांचा टॉप पातळ आणि हलका आहे, आणि वादकांचा उजवा हात तयार असतो. अकूस्टिक जोर हवा असेल तर जाड तारेला पर्याय नाही, हे विधान या एका परंपरेसमोर उभं राहू शकत नाही.

पण जाड तारांचे समर्थक गणितापेक्षा माणसांची नावं जास्त घेतात. वेस माँटगोमेरी जाड फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या, तारा वापरत. पॅट मार्टिनो यांची पहिली तार पंधरा-सोळाच्या घरातली होती. ही नावं आदराचीच आहेत. मात्र त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष तपासायला हवा.

माँटगोमेरी पिक वापरत नसत. ते उजव्या अंगठ्याच्या मांसल भागानं वाजवत. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून ही सवय लागली, असं ते सांगत. मऊ अंगठ्यानं छेडलेल्या तारेत वरचे तीक्ष्ण स्वरांश मुळातच कमी उठतात. त्यांच्या आवाजातला जो गोल, उबदार भाग तारांच्या खात्यावर जमा केला जातो, त्यातला मोठा वाटा अंगठ्याचा आहे. त्यांच्या तारांचा सेट विकत घेऊन कडक पिकनं वाजवणाऱ्याला तो आवाज मिळत नाही, आणि मग तो आणखी जाड सेट घेतो. मार्टिनो यांचं उलट होतं. त्यांचा पिक कमालीचा जोरकस चाले, आणि अशा हाताखाली बारीक तार सैरभैर होते. त्यांनी आपल्या हाताला जुळणारी तार निवडली. अनुकरण करायचंच असेल तर त्या निवडीच्या पद्धतीचं करावं.

शिवाय एक गोष्ट इतिहासातून गळून जाते. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतल्या दुकानांत हलके सेट तयार मिळतच नसत. तिसरी तार वाउंड, म्हणजे पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळलेली, आणि चांगली जाड असायची. बारीक तारा हव्या असणारे वादक पहिल्या जागी बँजोची तार लावून बाकीच्या एकेक जागा खाली सरकवत. कॅलिफोर्नियातले दुकानदार आणि वादक एर्नी बॉल यांनी नवशिक्यांना जाड तिसरी तार दाबता येत नाही हे पाहिलं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच हलके सेट बनवून घेतले. त्याआधीच्या पिढीनं जाड तारा बारीक तारांशी तोलून निवडल्या होत्या, असं म्हणणंच चुकीचं आहे. दुकानात जे होतं ते त्यांनी घेतलं आणि त्यातून थोर संगीत केलं.

आणि ज्याच्यासमोर निवड होती, त्या जिम हॉल यांचं काय? मृदू, विचारपूर्वक वाजवणाऱ्या या वादकानं पुढे अकराच्या सेटवर वाजवलं. बिल इव्हान्स यांच्यासोबत 1962 मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'अंडरकरंट'मध्ये पियानोच्या मागे ते ॲम्प्लिफायर उतरवून केवळ लाकडाच्या आवाजात ताल धरतात. तो कुजबुजता ठोका आजही जॅझ गिटारच्या वर्गांत आदर्श म्हणून ऐकवला जातो. हॉल यांचा आवाज पातळ आहे, असं कोणी म्हणून दाखवावं.

नंबराच्या या वादात दोन खऱ्या गोष्टी कायम मागे पडतात. त्यातली पहिली तिसऱ्या तारेची.

साध्या दहा-शेहेचाळीस किंवा अकरा-एकोणपन्नास सेटमध्ये तिसरी तार प्लेन असते, गुंडाळी नसलेली. आर्चटॉपचा पारंपरिक लाकडी ब्रिज मात्र वाउंड तिसरी तार गृहीत धरून कापलेला असतो. त्याच्या माथ्यावरचे पायऱ्यापायऱ्यांचे काप प्रत्येक तारेची लांबी वेगळी करण्यासाठी असतात. फ्रेटवर तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. जाड प्लेन तारेत सगळाच व्यास पोलादाचा असल्यानं हा चढ जास्त असतो. वाउंड तारेत फक्त बारीक गाभा ताण घेतो, म्हणून कमी. अशा लाकडी ब्रिजवर प्लेन तिसरी तार लावली की ती प्रत्येक कॉर्डमध्ये चढी वाजते. कान तयार असलेल्या वादकाला ते सहन होत नाही, आणि तो निष्कर्ष काढतो की बारीक सेट आर्चटॉपला चालत नाही. दोष बारीकपणाचा नव्हता. अकराचाच, पण तिसरी तार वाउंड असलेला सेट लावला असता तर सूर जागेवर आला असता. असे सेट मिळतात. व्हिएन्नाच्या थॉमास्टिक-इन्फेल्डच्या जॅझ स्विंग मालिकेत दहापासून तेरापर्यंतचे फ्लॅटवाउंड सेट आहेत. नाही मिळाला तर सुटी वाउंड तार घेऊन बदलता येते. प्रत्येक तार स्वतंत्र सरकवता येणारा धातूचा ब्रिज असेल तर प्लेन तारही सुरात आणता येते, पण तिचा सपाट, तारस्वरी आवाज शेजारच्या चौथ्या तारेशी जुळत नाही हा प्रश्न उरतोच.

दुसरी गोष्ट धातूची. चुंबकी पिकअपला पोलाद आणि निकेल जाणवतं, ब्राँझ जवळजवळ जाणवत नाही. अकूस्टिकच्या ब्राँझ तारा पिकअप असलेल्या आर्चटॉपवर लावल्या की पहिल्या दोन पोलादी तारा ओरडतात आणि उरलेल्या चार मागे राहतात, कारण पिकअपला त्यांचा फक्त पोलादी गाभा दिसतो. मग 'खर्ज कमी पडतो, आणखी जाड तारा घ्या' हा सल्ला येतो. चौदाचा ब्राँझ सेट लावूनही हा दोष जाणार नाही. अकराचा निकेल सेट लावला की लगेच जातो. फ्लॅटवाउंड आणि राउंडवाउंड यांत तर इतका फरक आहे की एकाच नंबराचे दोन सेट दोन वेगळ्या गिटारसारखे वागतात. चपट्या पट्टीनं गुंडाळलेली फ्लॅटवाउंड तार कमी झणझणते, बोटांची सरसर ऐकू देत नाही, आणि ज्याला लोक 'जॅझचा आवाज' म्हणतात तो बहुतांशी तिच्यातून येतो. मुंबईसारख्या दमट हवेत घामानं गंजायच्या बाबतीतही ती जास्त टिकते, कारण गुंडाळीच्या खाचांत मळ कमी साचतो.

हवेचा विषय निघाला म्हणून कोकण, गोवा आणि मुंबईतल्या वादकांसाठी एक मुद्दा. अस्सल लाकडाचा कोरीव टॉप पावसाळ्यात ओल पिऊन फुगतो आणि तारांची उंची वाढते. कोरड्या उन्हाळ्यात, नागपूरसारख्या ठिकाणी तर फारच, तो खाली बसतो. जून ते सप्टेंबर तेराचा सेट आणि वाढलेली उंची यांच्याशी झगडणाऱ्या विद्यार्थ्याला 'बोटं तयार कर' असं सांगणं अन्यायाचं आहे. ब्रिजच्या दोन चाकांनी उंची उतरवली आणि एक नंबर कमी केला तर त्याला त्याच संध्याकाळी वाजवता येईल.

मिरजेत तंबोरा घ्यायला गेलेल्या माणसाला कारागीर आधी गाणाऱ्याची पट्टी विचारतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईच्या तंबोऱ्याला एकाच जाडीच्या तारा कोणी लावत नाही, आणि बारीक तारांच्या तंबोऱ्याला कोणी कच्चं वाद्य म्हणत नाही. गिटारच्या बाबतीत मात्र प्रश्न न विचारताच उत्तर हातात ठेवलं जातं.

आर्चटॉपवर भारतात काय काय घडलं, हे पाहिलं तरी एकच उत्तर शोधण्याचा फोलपणा दिसतो. पं. ब्रिजभूषण काबरा यांनी गिब्सनची सुपर 400 मांडीवर आडवी घेतली, नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची तारा टेकणारी पट्टी, उंच करून तारा फ्रेटपासून वर उचलल्या, चिकारीची सोय केली आणि धातूचा दांडा फिरवून राग वाजवले. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मधली गिटार त्यांचीच. पं. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेचा पायाही आर्चटॉपच आहे. तिच्यावर चिकारी आणि तरफ धरून एकोणीस-वीस तारा असतात, आणि त्या वाद्यावर राय कूडर यांच्यासोबत केलेल्या ध्वनिमुद्रिकेला 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं. दांड्याखाली तार दाबायची नसते, ती डगमगता कामा नये. म्हणून तिथल्या ताणाचा हिशोब वेगळा. काबरांच्या मांडीवरच्या सुपर 400 ला आणि तिच्यावर कॉर्ड धरणाऱ्या न्यूयॉर्कच्या वादकाच्या सुपर 400 ला एकच 'योग्य' सेट सांगता येणार नाही, जरी दोन्ही गिटार एकाच कारखान्यातून आल्या असल्या तरी.

उलट्या टोकाचा आग्रहही मान्य करण्याजोगा नाही. ॲम्प्लिफायर आहे तर नऊचा सेट लावला तरी काय बिघडलं, असं म्हणणारेही आता भेटतात. बिघडतं. आर्चटॉपचा ब्रिज दाबावर उभा असतो. दाब फार कमी झाला की जोराच्या ठोक्याला तो जागेवरून सरकतो, सूर हलतो आणि कोरीव टॉप मुका वाटू लागतो. मोठ्या, जाड कोरलेल्या टॉपच्या अकूस्टिक आर्चटॉपला बारा, कधी तेरा लागतात, हे इथे मोकळेपणानं मान्य आहे. वाद त्या गिटारबद्दल नाही. तिचा नियम सगळ्यांवर लादण्याबद्दल आहे. पिकअप लावून वाजणाऱ्या कोरीव आर्चटॉपला तर जाड तारांनी नवं दुखणंच येतं: टॉप जितका जास्त हलेल तितका ॲम्प्लिफायरसमोर तो लवकर हुंकारू लागतो. टॉप हलावा म्हणून तेराचा सेट लावायचा आणि मग हुंकार थांबावा म्हणून एफ-छिद्रांत स्पंज कोंबायचा, यात कसलंही शहाणपण नाही.

तेव्हा नवी किंवा जुनी आर्चटॉप घेणाऱ्यानं दुकानात जाण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. टॉप कोरीव आहे की थरांचा? स्केल पावणेपंचवीस आहे की साडेपंचवीस? पिकअप चुंबकी आहे का? ब्रिज लाकडी असेल तर त्याचा तिसऱ्या तारेचा काप कुठे आहे? थरांचा टॉप आणि चुंबकी पिकअप असेल तर निकेल किंवा पोलादी फ्लॅटवाउंडचा, तिसरी तार वाउंड असलेला अकराचा सेट लावून सुरुवात करावी आणि महिनाभर वाजवावं. हात स्वतःहून जास्त जोर मागू लागला, तारा फ्रेटवर खडखडू लागल्या, तर बारावर जावं. तेव्हा नटच्या खाचा जाड तारेसाठी रुंद करून घ्याव्यात, नाहीतर तार अडकून सुरातून निसटते. जुन्या, विशेषतः ट्रस रॉड, म्हणजे नेकमधला आधाराचा दांडा, नसलेल्या गिटारवर तर थेट तेरा चढवण्याआधी कारागिराला नेक दाखवणं सक्तीचंच मानावं.

आणि शिक्षकांना एक विनंती. पुढच्या खेपेला एखादी मुलगी किंवा मुलगा पहिली आर्चटॉप घेऊन वर्गात येईल, तेव्हा तेराचा सेट सांगण्याआधी ती गिटार एकदा हातात घ्या, टॉपवर बोटानं टकटक करून पाहा, आणि ती कुठे, किती जोरानं, कशासोबत वाजवायची आहे ते विचारा.